वरचं सुरू करा

शब्दांच्या बाबतीत मी कधी हयगय करत नाही. आमच्या कार्यालयातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी माझ्या टेबलावर येतं आणि मी लाल पेनानं त्याची आतून-बाहेरून झाडाझडती घेतो. सहकारी वैतागतात, पण एकदा माझ्या हाताखालून गेलेल्या पत्राचा कोणी दुसरा अर्थ काढू शकत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यावरून आमच्या इमारतीतल्या मंडळींनी माझ्याविषयी जो ग्रह करून घेतलाय, तो चुकीचा आहे. निदान अर्धा तरी.

आमच्या दाराला लागून तळमजल्यावर विजेच्या मीटरची खोली आहे. तिथं एक कुत्री व्याली. बायकोनं तिला जुनी चादर अंथरून दिली, पाण्याचं भांडं ठेवलं, आणि पिल्लांचे डोळे उघडून ती धडपडत चालायला लागेपर्यंत सगळं स्वतः बघितलं. मग लेकीचा फोन आला. बाळाला दात येताहेत, ते घर डोक्यावर घेतंय, आई तू ये. बायकोनं बॅग भरली. निघताना गॅस, खिडक्या आणि कपड्यांबद्दल तिनं ज्या सूचना दिल्या त्या मी नेहमीसारख्या मान डोलावत ऐकल्या, म्हणजे ऐकल्या नाहीत. पण दाराशी ती थांबली.

"पिल्लं चार आहेत," ती म्हणाली. "मी परत येईन तेव्हा चार दिसली पाहिजेत."

"चारच दिसतील. पाचवं मी कुठून आणू?"

"थट्टा पुरे. त्या धाकट्याकडे लक्ष ठेवा. बाकीची त्याला पिऊच देत नाहीत."

धाकटं म्हणजे शेंडेफळ. हे नाव तिनंच ठेवलं होतं. बाकीची तिघं आईच्या अंगावर तुटून पडायची तेव्हा हे त्यांच्या पाठीवर चढायचं, घसरायचं आणि पुन्हा चढायचं. नोकरीत माझं बरंचसं आयुष्य असंच गेल्यामुळे मला त्याच्याबद्दल आपुलकी होती. अर्थात हे मी बायकोला सांगितलं नाही.

ती गेली आणि लगेच समोरच्या काकूंच्या मांजराला सुई टोचायला जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या. इमारतीत पाऊल टाकणाऱ्या कुठल्याही माणसाचा पुरेपूर उपयोग करून घेतल्याशिवाय काकू त्याला सोडत नाहीत. त्यांनी बाईंना मीटरच्या खोलीत आणलं आणि मलाही हाक मारली. बाईंनी कुत्रीच्या बरगड्या चाचपल्या, एका पिल्लाचं तोंड उघडून बघितलं.

"दूध आटत चाललंय हिचं," त्या म्हणाल्या. "पिल्लांना दात फुटलेत, ते टोचतात, म्हणून ती उठून जाते. आता हळूहळू वरचं सुरू करा. थोडं थोडं द्या, पण वरचेवर द्या."

एवढं बोलून त्या स्कूटरवर बसून गेल्या. मला त्यांची भाषा आवडली. आटोपशीर, एकही शब्द वावगा नाही.

आता 'वरचं' म्हणजे काय, हे ज्याला दुधाचं भांडं ठाऊक आहे त्याला सांगायला नको. दूध तापवावं, निवू द्यावं, जे वर येतं ते वरचं. लहान मुलांना वरचं सुरू केलं, हे मी जन्मभर ऐकत आलो होतो आणि मुलं गुबगुबीत का होतात याचं कारण मला त्यातच सापडलं होतं. आमच्या लेकीच्या वेळी हे खातं माझ्याकडे नव्हतं, त्यामुळे प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला नाही. शिवाय बाईंनी 'वरचेवर' असंही बजावलं होतं. म्हणजे चमचा खोल घालायचा नाही, अगदी वरच्या वर काढायचं. एवढ्या स्पष्ट सूचनेनंतर काही विचारायला जाणं मला कमीपणाचं वाटलं.

मी दुप्पट दूध आणलं. तापवलं, निववलं, पसरट चमच्यानं जाड साय अलगद उचलली आणि बशीत घातली. मीटरच्या खोलीत जो सोहळा झाला तो बघण्यासारखा होता. चारही पिल्लं बशीत शिरली, मिशा पांढऱ्या झाल्या, शेंडेफळ तर बशीच्या मधोमध बसून स्वतःचे पाय चाटत राहिलं. कुत्री माझ्याकडे बघत होती. त्या नजरेला मी कृतज्ञता समजलो.

खाली उरलेल्या दुधाचा प्रश्न मात्र निघाला. निळसर पाण्यासारखं ते दूध घरात साठत चाललं. मी दिवसभर चहा प्यायला लागलो. मग येईल त्याला चहा पाजायला लागलो. चहाला अंगच नाही, असं काकू म्हणाल्या आणि त्यांनी निम्मा कप तसाच ठेवला. त्याच संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"बाळाला आजपासून वरचं सुरू केलं," ती म्हणाली.

"मी कालच सुरू केलं."

"हो का? तुम्हाला बरं सुचलं. सोसतंय का?"

"बशी चाटूनपुसून लख्ख करतात."

"एकदम फार नका देऊ. पोटाला सवय व्हायला हवी. आणि वरचेवर द्या."

"वरच्या वरच देतोय."

"शाबास," ती म्हणाली. लग्नानंतर हा शब्द मी तिच्या तोंडून क्वचितच ऐकला होता, त्यामुळे रात्रीचं जेवण मला फार गोड लागलं.

त्यानंतर जे घडलं ते कार्यालयीन भाषेत सांगितलेलं बरं. सदर आहाराचे परिणाम मीटरच्या खोलीत सर्वत्र दिसून आले. भिंतीलगत, चादरीवर, आणि एका ठिकाणी तर कसं पोचलं असेल याचा अंदाज करता येणार नाही अशा उंचीवर. नेमका त्याच सकाळी मीटरचे आकडे टिपून घ्यायला माणूस आला. तो दारातूनच मागे फिरला आणि सगळ्या इमारतीला अंदाजानं बिल लावून मोकळा झाला.

आमचे सेक्रेटरी बरोबर माझ्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहतात. एकटेच असतात. लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत, म्हणजे उभी नोकरी दुसऱ्यांच्या चुकांवर बोट ठेवण्यात गेलेली. जिना उतरून दोन शब्द बोलण्याऐवजी ते पत्र लिहितात आणि दाराखालून सरकवतात. 'विषय: मीटरच्या खोलीतील अनधिकृत अन्नछत्र व त्यापासून उद्भवलेली अस्वच्छता.' पिल्लं तातडीनं अन्यत्र हलवावीत, असं त्यात म्हटलं होतं. मी 'उद्भवलेली'खाली लाल रेघ मारून 'उद्भवणारी की उद्भवलेली, कृपया खुलासा व्हावा' असं लिहिलं आणि पत्र त्यांच्या दाराखालून परत सरकवलं. एवढ्यानं चार-सहा दिवस मिळतील असा माझा हिशेब होता.

मग सल्ले सुरू झाले. काकू म्हणाल्या, उकडलेला बटाटा कुस्करून द्या, पोट बांधलं जाईल. पलीकडच्या घरातले काका कोमट पाणी म्हणाले. त्यांना इमारतीत कोमटकाका म्हणतात, कारण गुडघेदुखीपासून घरफोडीपर्यंत कशालाही ते कोमट पाणीच सांगतात. "तुम्ही त्यांना देता तरी काय?" असं काकूंनी विचारलं तेव्हा मी "डॉक्टरांनी सांगितलेलं" एवढंच म्हणालो. त्यांच्याशी चर्चा करण्यात अर्थ नव्हता.

माझा स्वतःचा विचार वेगळा होता. जुलाबानं अशक्तपणा येतो, अशक्तपणाला ताकदीचं खाणं हवं, आणि सायीपेक्षा ताकदीचं दुसरं काय असणार? मी साय वाढवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेंडेफळ बशीकडे आलंच नाही. कोपऱ्यात पडून होतं. पोट टम्म आणि बाकीचं अंग अगदीच नाहीसं झालेलं. मी बोट पुढे केलं तर डोळे उघडले, पण मान उचलली नाही. त्या क्षणी मला भीती वाटली. बायकोला काय सांगू, ही भीती होतीच, पण खरं सांगायचं तर ती मागाहून आली. आधी मला एवढंच वाटलं की हे जाऊ नये.

मी चौघांना खोक्यात घातलं आणि बसनं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं डॉक्टरांच्या आधी खिडकी लागते आणि खिडकीत कारकून असतो. मी स्वतः टेबलामागचा माणूस असल्यामुळे तो काय बोलणार हे मला साधारण माहीत होतं, तरीही ऐकताना त्रास झालाच.

"मालकाचं नाव?"

"यांना मालक नाही."

"मग आणलं कोणी?"

"मी. मी शेजारी आहे."

"शेजाऱ्याचा रकाना नाही. मालक म्हणून तुमचं नाव लिहितो. राहणार?"

"मी की पिल्लं?"

"पिल्लं."

"मीटरची खोली, तळमजला."

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "मीटरच्या खोलीत राहता येत नाही."

"आमच्या सेक्रेटरींचं तेच म्हणणं आहे."

त्यानं सुस्कारा सोडून माझाच पत्ता लिहिला आणि रुग्णाचं नाव विचारलं. मी शेंडेफळ सांगितलं. त्यानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "आडनाव शेंडे, नाव फळ." एरवी मी ती दुरुस्ती करून घेतल्याशिवाय तिथून हललो नसतो. पण खोक्यातून तिघांचेच आवाज येत होते, म्हणून मी कागद घेतला आणि आत पळालो.

आत त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी शेंडेफळाला टेबलावर घेतलं, पोट दाबून पाहिलं, पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली बसली. बाईंच्या कपाळावर आठी आली.

"काय देताय खायला?"

"तुम्ही सांगितलंत तेच. वरचं."

"वरचं काय?"

"वरचं," मी म्हणालो. "खालचं मी चहाला वापरतो."

कंपाउंडर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. डॉक्टरबाईंनी कानातली नळी काढून हळूच गळ्यात टाकली.

"साय दिलीत?"

"म्हणजे वरचंच ना?"

"अहो, आईच्या दुधाखेरीज जे देतो त्याला वरचं म्हणतात. वरचं अन्न. तुमच्या घरात लहान मूल झालं नाही का कधी?"

"झालं," मी म्हणालो, "पण ते खातं माझ्याकडे नव्हतं." मग मला राहवलं नाही. "तसं असेल तर तुम्ही 'बाहेरचं' असा शब्द वापरायला हवा होता."

"बाहेरचं म्हटलं असतं तर तुम्ही हॉटेलातून आणलं असतं."

त्यांनी शेंडेफळाच्या कातडीखाली सलाईन दिलं, औषधाचे थेंब दिले आणि मला समोर बसवून, शाळेत सांगतात तसं, एकेक गोष्ट पुन्हा म्हणायला लावून समजावलं. पिल्लाचं पोट एकदम मोठं होत नाही. आईचं दूध पचवायला शिकलेल्या आतड्याला दुसरं काही पचवायला हळूहळू शिकवावं लागतं. आपलं दूध त्यांना बाधतं, साय तर आणखीच जड. छोट्या पिल्लांचं खाणं तयार मिळतं, ते कोमट पाण्यात भिजवायचं, चमच्यावरून ओघळेल इतकं पातळ घोटायचं. ते पचलं की जरा घट्ट करायचं. पुढे दात नीट आले की नुसतं ओलं करून द्यायचं. आणि एका वेळी थोडंच.

"आणि वरचेवर म्हणजे..."

"माहीत आहे," मी म्हणालो.

मी उठलो तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "तिघं सावरतील. ह्याचं मात्र काही सांगता येत नाही. औषध मी दिलंय, पण खायचं त्याचं त्यालाच आहे. आज-उद्यात स्वतःहून चाटायला लागला तर जगेल."

घरी येईपर्यंत बातमी माझ्या पुढे पोचली होती. काकूंची भाची त्याच दवाखान्यात ससा घेऊन आली होती. जिन्यात दोन जण बोलायचे थांबले. कोमटकाका पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघा, शेवटी कोमट पाणीच." त्या दिवशी ते बरोबर होते, ही गोष्ट मला साय प्रकरणापेक्षा जास्त लागली.

मी कामाला लागलो. खाणं भिजवलं, मिक्सरमध्ये फिरवलं, गाळलं, मनगटावर थेंब टाकून ऊब बघितली. बशी ठेवताच पिल्लांच्या आधी त्यांची आई पुढे झाली आणि सगळं संपवून टाकलं. पुन्हा भिजवलं, पुन्हा फिरवलं. थोडं थोडं आणि वरचेवर द्यायचं म्हटल्यावर मिक्सर दिवसभर घरघरत राहिला. कार्यालयात मी पोट बिघडल्याचं कळवून रजा टाकली. कोणाचं, ते लिहिलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एक वाक्य मुद्दाम अर्धवट सोडलं.

तिघं सावरली. बशीत पाय घालून, एकमेकांच्या कानावरचं चाटून, जमेल तसं खायला लागली. शेंडेफळ तोंड फिरवायचं. मी बोटाला लावून दिलं, चमच्यानं दिलं, ओठाला पुसलं. ते जीभ आत ओढून घ्यायचं. मी आजवर कोणाची केली नव्हती एवढी त्याची मनधरणी केली. काकूही आल्या, शेजारी बसल्या, आणि त्या काही सुचवत नाहीत हे बघून मला आणखीच धास्ती वाटली.

दुपारी सेक्रेटरी खाली आले. या वेळी त्यांनी पत्र दाराखालून सरकवलं नव्हतं, हातात आणलं होतं. "विषय, मिक्सर," ते मीटरच्या खोलीच्या दारातूनच म्हणाले. "माझ्या खोलीतल्या खुर्चीचे पाय हलताहेत. काय चाललंय काय?"

माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लगद्यानं भरले होते आणि बाकीच्यांतलं एक पिल्लू दिव्याच्या वायरीकडे निघालं होतं. मी विचार न करता शेंडेफळ त्यांच्या हातात दिलं. "जरा धरा," म्हणालो आणि वायरीमागे धावलो.

परत वळलो तेव्हा सेक्रेटरी होते तसेच उभे होते. पत्र खाली पडलं होतं. शेंडेफळाच्या अंगावरचा लगदा त्यांच्या बोटाला लागला होता आणि ते बोट शेंडेफळाच्या तोंडात होतं. बारीक चुकचुक आवाज येत होता.

"हे काय करतंय?" ते अगदी हळू म्हणाले.

"खातंय," मी म्हणालो. "हलू नका. काकू, बशी."

काकूंनी बशी पुढे धरली. सेक्रेटरींनी बोट बुडवलं, पुढे केलं. पुन्हा चुकचुक. माझं बोट घाबरून पुढेमागे करत होतं, म्हणून त्यानं घेतलं नसावं. त्यांचं बोट मात्र ठेवलं तिथं ठाम राहणारं होतं, सवयच तशी. त्यांचे पाय अवघडले तेव्हा काकूंनी त्यांच्यामागे स्टूल सरकवलं. खाली पडलेल्या पत्रावर दुसरं एक पिल्लू बसलं आणि त्यानं त्याची जी वाट लावायची ती लावली.

त्यानंतर शेंडेफळ दुसऱ्या कोणाच्या बोटाला तोंड लावेना. सेक्रेटरी जेवणाच्या वेळी खाली यायला लागले. येताना चेहरा तक्रारीचाच असायचा. लगदा आज कालच्यापेक्षा पातळ आहे, गुठळी राहिली आहे, पाणी जास्त गरम आहे, असे आक्षेप ते तोंडी नोंदवायचे. मीटरच्या खोलीत प्रवेश निषिद्ध असल्याची पाटी त्यांनीच लावली होती, तिच्याखालीच ते स्टूल टाकून बसायचे. शेंडेफळाच्या अंगावर मांस चढलं. ते आधी बोटाचं, मग बोट बशीत बुडवलं की बशीतलंही खायला लागलं. आणि एके दिवशी सकाळी सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "खाली ओल आहे. ह्याला तात्पुरतं वर नेतो. तात्पुरतं." मी शेंडेफळ चादरीच्या तुकड्यात गुंडाळून त्यांच्या हवाली केलं. आमच्या घरातली सर्वांत मऊ उशीही दिली. दार लावून घेतल्यावर मला बरंही वाटलं आणि थोडं रिकामंही वाटलं.

त्याच दिवशी बायकोचा फोन आला.

"परवा निघतेय. चारही ठीक आहेत ना?"

"तिघं इथं खाली आहेत. मजेत आहेत."

"आणि शेंडेफळ?"

"ते आज सकाळी वर गेलं," मी म्हणालो.

पलीकडून आवाज येईना. लाइन कटली असेल असं समजून मी जरा मोठ्यानं बोललो. "सेक्रेटरींनीच नेलं. जाताना काही त्रास दिला नाही. मीच चादरीत गुंडाळून दिलं. एका परीनं बरंच झालं. इथं ओलीत किती दिवस काढणार?"

हुंदका ऐकू आला. मग फोन लेकीनं घेतला. "बाबा, असं सांगतात का? आई रडतेय."

"रडायचं काय त्यात? आनंदाची गोष्ट आहे. उशीसुद्धा दिलीय."

"बाबा..."

तेवढ्यात माझ्या डोक्यावर काहीतरी धप्पकन पडलं, बारीक नखांची टपटप छताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि सेक्रेटरींचा आवाज आला, "चप्पल सोड. सोड म्हणतो ना."

लेकीनं थांबून विचारलं, "बाबा, वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे वर. पहिल्या मजल्यावर. दुसरीकडे कुठे?" असं म्हणता म्हणता माझं वाक्य मलाच ऐकू आलं. मी फोन छताच्या दिशेनं उंच धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. खाली घेतला तेव्हा मायलेकी दोघी हसत होत्या आणि बाळ त्यांच्यापेक्षा मोठ्यानं.

बायको आली. बॅग दारात ठेवून तिनं आधी मीटरच्या खोलीत डोकावून तिघं मोजली, मग वर जाऊन चौथं बघून आली. येताना तिच्या पदराला दातांची दोन भोकं होती आणि चेहरा खुललेला होता. साय प्रकरण काकूंनी तिला जिन्यातच सांगितलं होतं.

"कार्यालयातली पत्रं अजून तुम्हीच तपासता?" तिनं एवढंच विचारलं.

उत्तर द्यायच्या आत दाराखालून कागद सरकला. मी सवयीनं लाल पेन काढलं. 'विषय: मिक्सर. आपण तिघांसाठी मिक्सर चालवता त्यास हरकत नाही, परंतु दुपारी तो लावू नये. वर लहान जीव झोपलेला असतो.' मी दोनदा वाचलं. कुठंही चूक नव्हती. पेन खिशात टाकलं, मिक्सर उचलला आणि लांबच्या खोलीत नेऊन ठेवला.